काठीचा रंग आणि नेम

दिवाळीच्या सुट्टीत कंधारला घरी गेलो होतो. नांदेडला अकरावीत शिकणारा पुतण्याही आला होता. तिकडे मित्रांबरोबर तो कधीमधी पूल खेळतो. रात्री जेवणे झाल्यावर त्याने विचारले, "काका, लाकडी काठीनं माझा नेम बरोबर लागतो, काळी घेतली की चुकतो बघा. तुम्ही तर म्हणता, चेंडूला फक्त बल कळतं. मग त्याला काठीचा रंग कसा कळला?"

हा प्रश्न वर्गात आला, तर "काहीतरीच काय!" म्हणून तो सोडून देऊ नये. त्यात यंत्रशास्त्र आहे, डोळ्याचे शास्त्र आहे आणि प्रयोग कसा करावा याचा एक धडाही आहे.

प्रथम ही काठी, म्हणजे क्यू, पाहू. क्यू बहुधा अ‍ॅश किंवा मेपल या फिकट रंगाच्या लाकडाचा असतो. शेंड्याला चामड्याची टिकली असते. टिकलीच्या मागे लाकूड चिरू नये म्हणून एक कडे बसवतात, त्याला फेरूल म्हणतात. स्नूकरच्या क्यूचे फेरूल सहसा पितळी असते, तर पूलच्या क्यूचे पांढरे. अलीकडे कार्बन तंतूंचे काळेभोर क्यूही आले आहेत. हे खेळ आपल्याला परके नाहीत. स्नूकर जन्मले तेच 1875 साली जबलपूरला, ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांत. 1922 साली पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये कलकत्त्यास बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले.

आता मूळ प्रश्न. चेंडूला रंग कळत नाही, हे खरेच. आघाताची दिशा, वेग आणि जागा एवढ्यावरच त्याची गती ठरते. पण ही दिशा ठरवतो तो खेळणारा, आणि ती ठरवतो डोळ्यांनी. येथे चूक किती महाग पडते पाहा. समजा, क्यूच्या पुढच्या 30 सेंटिमीटर लांबीत तो फक्त 1 मिलिमीटर तिरपा धरला गेला. दीड मीटरवरच्या चेंडूपर्यंत जाताना पांढरा चेंडू 5 मिलिमीटर बाजूला सरकतो. स्नूकरच्या चेंडूचा व्यास 52.5 मिलिमीटर. त्यामुळे समोरचा चेंडू सरळ न जाता सुमारे साडेपाच अंशांनी वळतो. पुढे मीटरभर गेल्यावर तो साडेनऊ सेंटिमीटर बाजूला पोचतो आणि छिद्र हुकते.

इतकी बारीक चूक डोळ्याला दिसते का? दिसते. शाळेतले व्हर्नियर कॅलिपर आठवा. दोन रेषा एका ओळीत आहेत की नाहीत, हे ओळखण्यात आपला डोळा विलक्षण तरबेज आहे. जवळजवळचे दोन ठिपके वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढे अंतर लागते. रेषेतली सरक मात्र चांगला डोळा त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शापर्यंत टिपतो. पण त्याला एक अट आहे. रेषेची कड स्पष्ट हवी. कड स्पष्ट होते ती मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकाने, रंगाच्या फरकाने नव्हे. दोन रंग वेगळे असूनही सारखेच उजळ असतील, तर त्यांच्यामधली कड डोळ्याला नेमकी पकडता येत नाही.

हे वर्गात पडताळता येईल. एक हिरवा पुठ्ठा घ्या. त्यावर पांढऱ्या कागदाची अरुंद पट्टी उभी चिकटवा. पट्टी मधोमध कापून खालचा अर्धा भाग 1 मिलिमीटर बाजूला सरकवा. दुसऱ्या हिरव्या पुठ्ठ्यावर तेवढीच लाल पट्टी तशीच लावा. लाल रंग असा निवडा, की मोबाइलवर काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात तो आणि हिरवा जवळजवळ एकाच करड्या छटेचे दिसतील. आता विद्यार्थ्यांनी मागे मागे सरकत जावे आणि सरक दिसेनाशी होईल तेथे थांबावे. दोन्ही पुठ्ठ्यांसाठी हे अंतर मोजा आणि तुलना करा.

हेच टेबलावर लावून पाहू. हिरव्या कापडावर फिकट लाकडाचा क्यू उठून दिसतो. काळा क्यू फिकट कापडावर दिसेल, पण गडद कापडावर त्याच्या कडा मावळतात. फेरूलचे थोडे निराळे आहे. क्यूचे टोक पांढऱ्या चेंडूजवळ नेले, की पांढरे फेरूल आणि पांढरा चेंडू एकमेकांत मिसळल्यासारखे होतात. मधली टिकली आणि तिच्यावरचा निळा खडू त्यांना वेगळे दाखवतात. पितळी फेरूलला ही अडचण कमी. शिवाय गडद पार्श्वभूमीवरची पांढरी वस्तू आहे त्याहून किंचित मोठी भासते. हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात या भासाचा अभ्यास केला होता.

मात्र फेरूल फार झळकणेही बरे नव्हे. डोळा जवळचे टोक आणि लांबचा चेंडू एकाच वेळी पूर्ण स्पष्ट पाहू शकत नाही. विल्यम्स, सिंगर आणि फ्रेलिक यांनी 2002 मध्ये बिलियर्ड्स खेळणाऱ्यांच्या नजरेचा अभ्यास प्रसिद्ध केला. फटका मारण्यापूर्वी कुशल खेळाडूंची शेवटची नजर नवख्यांपेक्षा जास्त वेळ स्थिर राहते, असे त्यात आढळले. टोकाने नजर ओढून घेतली, तर ही स्थिरता मोडू शकते.

मग पुतण्याचे म्हणणे खरे का? एवढ्यावरून सांगता येत नाही. काळा आणि लाकडी क्यू यांत केवळ रंगाचा फरक नाही. टोकाकडचे वजन वेगळे असते, आणि चेंडू बाजूला मारला तर तो किती वाकडा जाईल हे त्या वजनावर अवलंबून असते. हाताची सवयही वेगळी. म्हणून क्यू एकच ठेवावा आणि त्यावर कधी काळा, कधी पांढरा पातळ कागद गुंडाळावा. आधी कोणता रंग, हे नाणे उडवून ठरवावे. नाहीतर सरावाचा किंवा थकव्याचा परिणाम रंगाच्या खात्यावर जमा होईल. टेबल नसेल, तर ताणून बसवलेल्या चादरीवर दोन गोट्या आणि एक सरळ काठी पुरते.

आकडे वाचतानाही सांभाळावे. समजा, एका रंगाने 50 पैकी 30 नेम लागले. काहीही न बदलता पुन्हा 50 फटके मारले तर 26 किंवा 34 लागणे अगदी सहज शक्य आहे. दोन रंगांत 5-6 नेमांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. फरक दहाहून जास्त आला आणि पुन्हा पुन्हा त्याच बाजूला आला, तरच रंगाचे नाव घ्यावे. पुतण्याने वहीत दोन रकाने आखले आणि मान्य केले, की आजवर त्याने फक्त चुकलेले फटके लक्षात ठेवले होते, तेही काळ्या काठीचे.

या विषयातून शिक्षकांनी एक गोष्ट मात्र लगेच उचलावी. 2002 चे स्नूकरचे जगज्जेते पीटर एब्डन यांना लाल आणि तपकिरी चेंडू वेगळे ओळखताना अडचण येते, कारण त्यांना रंगांधत्व आहे. लाल-हिरव्याचे असे रंगांधत्व मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ जास्त आढळते, कारण त्याची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. असा एखादा मुलगा आपल्या वर्गात असू शकतो, आणि बहुधा त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसते. हिरव्या फळ्यावर लाल खडूने लिहिलेले "महत्त्वाचे" शब्द नेमके त्यालाच वाचता येत नाहीत. ते पांढऱ्या किंवा पिवळ्या खडूने लिहावेत आणि खाली रेघ ओढावी.