सेकंदाला पन्नास फेरे

नागपूरच्या रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह 2017 साली सुरू झालं. जवळपास दोन हजार खुर्च्यांच्या अशा सभागृहात मैफल रंगते, तेव्हा ती ऐकणारे सगळेच तिथे नसतात. कोणाचा मुलगा पुण्यात असतो, कोणाची आत्या टोरांटोत. कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण असलं की त्यांच्यापर्यंत मैफल पोचवतो तो विंगेतल्या टेबलावरचा, जेवणाच्या डब्याएवढा खोका: एन्कोडर. कॅमेऱ्याकडून आलेलं एचडी चित्र सेकंदाला जवळपास 3 अब्ज बिट घेऊन येतं. एन्कोडर ते पाच-सहा दशलक्ष बिटांत बसवून इंटरनेटवर सोडतो.

कौतुक होतं ते या दाबून बसवण्याचं. मला त्याआधीचं काम मोलाचं वाटतं. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये खोक्याचा आयपी पत्ता टाकला की त्याची सेटिंग्ज उघडतात, आणि त्यात असतं ‘इनपुट’चं पान. चित्र एचडीएमआयवर येतंय की एसडीआयवर, हा तिथला पहिला प्रश्न. सभागृहाच्या मागच्या टोकापासून केबल ओढायची तर बहुधा एसडीआयच. एचडीएमआयची साधी वायर पंधरा-वीस मीटरांत दम टाकते. ‘आला काय बे सिग्नल?’ मागून कॅमेरावाला विचारतो. आला की पानावर उमटतं: 1080 पी 50.

यातल्या 50चं मूळ पाहायला नागपूरकरांना लांब जायला नको. कोराडीच्या वीज केंद्रात टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला 50. आपल्या घरातली वीज त्याच तालात वाहते. आपल्या टीव्हीची सेकंदाला 25 चित्रांची जुनी पद्धतही या 50शी मेळ राखूनच ठरलेली. मंचावरचे साधे दिवे या विजेवर सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर 1/50 सेकंद उघडं राहिलं तर प्रत्येक चित्रात बरोबर दोन लहरी मावतात. कॅमेरा 60वर राहून गेला तर पावणेदोनच्या आसपास मावतात, आणि गायिकेच्या चेहऱ्यावर उजेड थरथरत राहतो. हा दोष एन्कोडरला पुसता येत नाही. आलं तेच तो पुढे धाडतो.

कॅमेरा 25 चित्रं देत असताना एन्कोडरमध्ये 30 निवडली, तर उरलेली पाच भरायला प्रत्येक पाचवं चित्र दोनदा दाखवलं जातं. कॅमेरा तबल्याकडून पेटीकडे वळताना मग अडखळतो. पानावर ‘पी’ऐवजी ‘आय’ दिसला, म्हणजे चित्र सम-विषम रेघांत विभागून येतंय. तेव्हा डीइंटरलेस चालू करायलाच हवं, नाहीतर तबलजीच्या बोटांना कंगव्यासारखे दाते फुटतात.

आवाजाची निवड मात्र कानानेच करावी लागते. कॅमेऱ्याच्या माइकवर शेजारच्याचा खोकला आधी येतो आणि तानपुरा नंतर. म्हणून मिक्सरमधून थेट लाइन घ्यायची. पण ती लाइन चित्राच्या आधी पोचते, कारण चित्राला कॅमेरा आणि स्विचर यांतून यायचं असतं. सेकंदाला 25 चित्रं असतील तर दोन चित्रांचा उशीर म्हणजे 80 मिलिसेकंद. द्रुत लयीत एवढ्यात थाप हातापासून सुटते. तेवढा उशीर आवाजालाही द्यावा लागतो.

म्हणून मैफल सुरू होण्याआधी, रिकाम्या मंचावर, ऑपरेटर माइकसमोर उभा राहतो, कॅमेऱ्याकडे तोंड करतो आणि एक टाळी वाजवतो. विंगेतला त्याचा जोडीदार हेडफोन लावून पडद्यावरचे तळवे मिळण्याची वाट पाहतो. तो हाताने खूण करतो: आणखी एकदा.