हौसेचे मोल कोणी मोजावे?

'हौसेला मोल नाही' असे आपण सहज म्हणून जातो. घर बांधून झाले, दारात वाहन आले, की अंगणात एखादा जातिवंत कुत्रा असावा, ही इच्छा आज गोव्यातील मध्यमवर्गीय कुटुंबांतही रुजली आहे. इच्छा गैर नाही. मात्र पिल्लाची किंमत विचारणारे पुष्कळ असतात आणि कुत्र्याचा खर्च विचारणारे थोडे. या दोहोंतील अंतर एकदा मांडून पाहणे इष्ट होईल.

लाब्राडोर जातीचे पिल्लू वीस हजार रुपयांस घेतले असे धरू. हा कुत्रा वाढून तीस किलोंच्या आसपास भरतो आणि साधारणपणे बारा वर्षे जगतो. त्याचे खाणे, दरवर्षीच्या लसी, जंत व गोचिडांवरील औषधे आणि पशुवैद्याची फी मिळून महिन्याकाठी चार हजार रुपये लागतात असे गृहीत धरले, तर बारा वर्षांचा हिशेब ५,७६,००० रुपये होतो. म्हणजे ज्या किमतीसाठी आपण विक्रेत्याशी घासाघीस केली, ती एकूण खर्चाचा जेमतेम तिसावा हिस्सा! यात एखादी शस्त्रक्रिया वा दीर्घ आजार धरलेला नाही.

आणि आजार येतात. लाब्राडोर व जर्मन शेफर्ड या जातींत कमरेच्या सांध्याचा दोष पिढीजात उतरतो. चपट्या नाकाच्या पगला उन्हाळ्यात श्वास घेणेही कठीण जाते. सैबेरियाच्या हिमात गाडी ओढण्यासाठी घडलेल्या हस्कीला आपल्या किनाऱ्यावरील दमट उष्म्यात बांधून ठेवणे ही हौस नव्हे, शिक्षा आहे. पावसाळ्यात त्वचेचे रोग, गोचिडींचा ताप आणि लेप्टोस्पायरोसिस यांची भर पडते, ती वेगळीच.

कोणी म्हणेल, आम्ही स्वस्तात पिल्लू आणू. परंतु स्वस्त पिल्लाचे उरलेले मोल बहुधा त्याच्या आईने मोजलेले असते. श्वानपैदाशीसंबंधी केंद्र सरकारने २०१७ साली केलेल्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे; आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही; आणि एका मादीची आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत. हे नियम कागदावरून पिंजऱ्यापर्यंत पोचवायचे, तर गिऱ्हाईकानेच प्रश्न विचारले पाहिजेत. नोंदणी कोठे आहे? पिल्लाची आई कोठे आहे? आई दाखविण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्या दारातून रिकाम्या हाताने परतावे. केनेल क्लबचे प्रमाणपत्र कुळाची साक्ष देते, आरोग्याची नव्हे, हेही ध्यानात असावे.

हिशेब न करता घेतलेल्या पिल्लाचे पुढे काय होते? घरातील मुले शिक्षणासाठी परगावी जातात, कुटुंब सदनिकेत राहावयास जाते, खर्च झेपेनासा होतो आणि जातिवंत म्हणून मिरवलेला जीव एके दिवशी बाजारात किंवा समुद्रकिनारी सोडून दिला जातो. ज्याला अन्न शोधणे ठाऊक नाही, त्याच्यासाठी ती मृत्यूची शिक्षाच ठरते. सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात पाऊल ठेवण्यास धर्मराजाने नकार दिला, ही कथा आपण मुलांना कौतुकाने सांगतो. त्या कुत्र्याचे कूळ महाभारताने नोंदविलेले नाही.

ज्यांना राखण आणि सोबत हवी, त्यांना आपल्या वाड्यावरचे गावठी पिल्लू दोन्ही देते. या हवेत त्याच्या कित्येक पिढ्या वाढल्या आहेत. लस टोचून व नसबंदी करून घेतली, तर त्याच्या पालनाचा भार पुष्कळ हलका राहतो. जातिवंतच हवे असेल, तर अवश्य घ्यावे. परंतु बारा वर्षांचा पैसा, जागा आणि वेळ आपल्यापाशी आहे काय, हे घरातील सर्वांनी बसून आधी ठरवावे. हौसेला मोल असतेच. ते मालकाने मोजले नाही, तर मुक्या जीवाला मोजावे लागते.