एकीने ग्रंथ राखला, दुसरीने घर

भाषा कशाच्या बळावर टिकते, या प्रश्नाला सामान्यतः एक ठरीव उत्तर दिले जाते : ग्रंथसंपदेच्या. जिच्यात जुने वाङ्मय, धर्मग्रंथ व व्याकरण आहे ती भाषा सुरक्षित, आणि जी केवळ शेतावर नि चुलीपाशी बोलली जाते ती आज ना उद्या लोपणार, असा हा समज आहे. युरोपच्या वायव्येकडील दोन भाषांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवला म्हणजे या समजाची मर्यादा ध्यानात येते. या भाषा म्हणजे नॉर्वेजियन आणि ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्स प्रदेशाची वेल्श.

मराठीप्रमाणेच दोन्ही इंडो-युरोपीय कुळातील. परंतु शाखा भिन्न. नॉर्वेजियन ही जर्मानिक असून डॅनिश व स्वीडिश तिच्या सख्ख्या बहिणी होत. वेल्श केल्टिक आहे आणि तिची ठेवण इंग्रजीहून फार निराळी. वाक्याचा आरंभ बहुधा क्रियापदाने होतो. शब्दाचे पहिले व्यंजनही संदर्भानुसार पालटते. मांजराला ‘काथ’ म्हणतात. पण ‘त्याचे मांजर’ म्हणताना त्याचे ‘गाथ’ होते आणि ‘तिचे मांजर’ म्हणताना ‘खाथ’.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वे डेन्मार्कच्या राजाच्या छत्राखाली गेला. पुढे धर्मसुधारणेच्या काळात बायबल आले ते डॅनिशमधून. कायदा, न्यायालय, प्रवचन या सर्वांची भाषा डॅनिश झाली आणि जुनी लेखनभाषा लयास गेली. १८१४ साली डेन्मार्कपासून फारकत झाली तेव्हा या राष्ट्राजवळ संविधान होते, पण स्वतःची म्हणावी अशी लेखनभाषा नव्हती.

वेल्सची स्थिती नेमकी उलट. १५३६ च्या कायद्याने तेथील न्यायालयांची भाषा इंग्रजी ठरविली. परंतु १५८८ साली विल्यम मॉर्गन या धर्मोपदेशकाने संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणले. त्यातून गद्याला प्रमाण रूप मिळाले. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स याच्या फिरत्या शाळांनी हजारो खेडुतांना त्याच ग्रंथावरून वाचावयास शिकविले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एखाद्या विद्वानाने तुलना केली असती, तर त्याने दीर्घायुष्याचे भाकीत वेल्शबद्दलच केले असते.

प्रत्यक्षात घडले ते वेगळे, आणि त्याचे एक प्रमुख क्षेत्र होते शाळा. १८४७ साली तीन इंग्रज आयुक्तांनी वेल्समधील शिक्षणाचा अहवाल सादर केला. वेल्श न जाणणाऱ्या या आयुक्तांनी लोकांच्या मागासपणाचे खापर त्यांच्या भाषेवर फोडले. अनेक शाळांतून वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकविली जाई. पुढे दुसरा कोणी बोलला की ती त्याच्याकडे जाई आणि शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात ती असेल त्यास शिक्षा होई. हा सरकारी कायदा नव्हता. तो शिक्षकांचा रिवाज होता आणि पुष्कळदा त्यास पालकांची संमती असे. कारण इंग्रजीवाचून मुलाचा उत्कर्ष नाही, हे आईबापांनाच पटले होते. त्यातच दक्षिणेकडील कोळशाच्या खाणींनी इंग्रजीभाषक मजुरांचे लोंढे आणले. १९०१ साली निम्मे लोक वेल्श बोलत. २०२१ च्या जनगणनेत हे प्रमाण १७.८ टक्क्यांवर आले आहे.

नॉर्वेच्या संसदेने मात्र १८७८ साली ठराव केला की, प्राथमिक शाळेतील शिक्षण शक्यतोवर मुलांच्या स्वतःच्या बोलीतून दिले जावे. त्यापूर्वीच ईवार ओसेन या शेतकऱ्याच्या मुलाने गावोगाव हिंडून बोली गोळा केल्या होत्या आणि १८४८ मध्ये व्याकरण व १८५० मध्ये कोश सिद्ध केला होता. दुसरीकडे क्नूड क्नूडसेन या शिक्षकाने डॅनिशलाच हळूहळू नॉर्वेजियन उच्चाराचे वळण देण्याचा मार्ग धरला. १८८५ साली संसदेने दोन्ही रूपांना समान दर्जा दिला. आज त्यांना अनुक्रमे ‘नीनोर्स्क’ व ‘बोकमोल’ म्हणतात. एका भाषेची दोन लेखनरूपे झाली आणि त्यांवरून कडाक्याचे वाद माजले. नीनोर्स्क शिकणारे विद्यार्थी आज दहांत सुमारे एक आहेत. तरी २०२३ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळविणारे यून फॉसे याच रूपात लिहितात.

या फरकाचे सर्व श्रेय नॉर्वेवासीयांच्या स्वाभिमानास देणे योग्य होणार नाही. डॅनिश जवळची असल्याने त्यांना आपली बोली न सोडता तिचे लेखन वापरता आले. वेल्श माणसापुढे मात्र दुभाषी होणे किंवा भाषा सोडणे एवढेच पर्याय होते. शिवाय नॉर्वेजवळ स्वतःची संसद होती. वेल्सला प्रतिनिधिगृह मिळाले ते १९९९ साली. आणि सत्ता हाती आल्यावर नॉर्वेनेही उदारपणा सर्वांना दाखविला नाही. ज्या राज्याने आपल्या मुलांची बोली शाळेत आणली, त्यानेच उत्तरेकडील सामी मुलांवर नॉर्वेजियन लादली. १८९८ च्या परिपत्रकाने वर्गात सामीचा वापर अगदी अपरिहार्य प्रसंगापुरता मर्यादित केला. याबद्दल संसदेने क्षमा मागितली ती २०२४ साली.

वेल्शचे पुनरुज्जीवन १९६२ पासून चळवळीच्या रूपाने सुरू झाले. १९८२ साली स्वतंत्र दूरचित्रवाहिनी मिळाली. १९९३ व २०११ च्या कायद्यांनी राजमान्यता दिली. २०५० पर्यंत दहा लाख भाषकांचे उद्दिष्ट ठरले आहे. आता तीच शाळा भाषा जगविण्याचे साधन बनली आहे. परंतु वर्गात शिकलेली भाषा अंगणात, बाजारात व दुसऱ्या पिढीच्या पाळण्यापर्यंत पोहोचविणे हे काम कायद्याच्या आवाक्यातले नाही.

बोलणारी तोंडे शिल्लक असतील तर व्याकरण व कोश एका माणसाच्या हयातीत उभे राहतात, हे ओसेनने दाखविले. उत्तम ग्रंथ जवळ असूनही गेलेली तोंडे परत आणण्यास किती पिढ्या लागतात, हे वेल्स आज अनुभवीत आहे. भाषेच्या ऱ्हासाचा आरंभ ग्रंथालयात होत नाही. मुलाने घरची भाषा उच्चारली म्हणून त्यास ज्या क्षणी लाज वाटावयास लावली जाते, त्याच क्षणी तो होतो.