‘फुल’ बोटीतल्या रिकाम्या केबिन

चौघांचं कुटुंब क्रूझ कंपनीच्या वेबसाइटवर ‘प्रवासी ४’ टाकतं आणि उत्तर येतं, जागा नाही. दोन-दोन करून टाकलं, की त्याच सफरीच्या दोन केबिन हजर! यात लबाडी असेलच असं नाही. कारण बहुधा लाइफबोटींत असतं.

‘रॉयल कॅरिबियन’चं ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज जानेवारी २०२४ पासून मायामीहून सुटतं. केबिन २,८०५, प्रत्येकीत दोघे धरले तर प्रवासी ५,६१०. कमाल क्षमता मात्र ७,६००, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या खाटेवर दोन हजारांहून कमी माणसं मावतात. शिवाय संकटकाळी लाइफबोटीत चढण्यासाठी कुणी कुठे जमायचं, हे केबिनवार ठरलेलं असतं आणि त्या-त्या जागेलाही मर्यादा असते. ती भरली, की छताला दुमडून ठेवलेला बंक रिकामा असूनही विकता येत नाही. त्यावर एजंटाचाही इलाज चालत नाही.

मग एजंटाकडे जायचं कशाला? त्याच्या पडद्यावर दिसणारा साठा बहुतेक वेळा कंपनीच्या वेबसाइटवरचाच असतो. फरक पडतो तो ग्रुप ब्लॉकमुळे. मोठ्या एजन्सी अनेक महिने आधी, कधी वर्षभर आधी, एखाद्या सफरीच्या काही केबिन अडवून ठेवतात. त्या तेवढ्या काळापुरत्या सर्वांसाठीच्या यादीतून गायब होतात, आणि बऱ्याचदा त्यांचा दरही जुनाच राहतो. जहाज ‘फुल’ झाल्यावरही त्या एजन्सीकडे केबिन निघते ती अशी. शेजारच्या एजंटाला मात्र ‘फुल’च दिसतं. त्यामुळे ‘जागा आहे का?’ असं मोघम विचारण्यापेक्षा ‘या तारखेचा ब्लॉक तुमच्याकडे आहे का?’ असं थेट विचारलेलं बरं.

न खपलेला ब्लॉक ठरल्या मुदतीत परत करावा लागतो. मोठ्या अमेरिकी कंपन्यांत प्रवाशांना पूर्ण पैसे भरण्याची मुदतही साधारण सुटण्याआधी ७५ ते ९० दिवसांची असते. मन बदललेले लोक याच सुमारास रद्द करतात. या दिवसांत वेबसाइट रोज उघडून बघणाऱ्याला चांगली केबिन सापडू शकते, तीही डेकच्या नकाशावर नंबर निवडून. स्वस्तातली ‘गॅरंटी’ केबिन घेतली, तर नंबर कंपनी नंतर देते. मग डोक्यावर डान्स फ्लोअर आला तरी तक्रार करायची सोय नाही.

एजंटाला कमिशन कंपनीच देते, म्हणून तिकीट सहसा महागत नाही. काही जण त्यातलाच वाटा जहाजावर खर्चायला प्रवाशाला देतात. बंदरशुल्क आणि करांवर मात्र सहसा कमिशन नसतं. दोन रात्रींच्या स्वस्त सफरीत हाच भाग मोठा, म्हणून तिथे एजंट फारसा उत्साह दाखवत नाही.

आपल्याकडे मुंबईहून निघणाऱ्या ‘कॉर्डेलिया’ कंपनीच्या ‘एम्प्रेस’ जहाजाच्या सफरींची विक्री २०२१ मध्ये रेल्वे तिकिटांच्या ‘आयआरसीटीसी’नेही एजंटासारखी सुरू केली.

बुकिंग कुणाकडून केलं, हे पुढेही आडवं येतं. एजंटामार्फत घेतलेल्या केबिनचा दर नंतर उतरला आणि प्रवाशाने कंपनीला फोन लावला, तर ‘तुमच्या एजंटाशी बोला’ एवढंच उत्तर मिळतं. थेट घेतलेलं बुकिंग एजंटाकडे सोपवायचं असेल, तर अनेक कंपन्या ते ठराविक दिवसांतच करू देतात, आणि पूर्ण पैसे भरल्यावर तर सहसा नाहीच.