वर्णनात्मक संख्याशास्त्र : काही मूलभूत संकल्पना

प्रस्तावना :

महाविद्यालयीन अध्यापकाला आकडेवारी टाळता येत नाही. चाचणीचे गुण, हजेरी, शिष्यवृत्तीचे अर्ज, लघुशोधप्रकल्पातील प्रश्नावली, सर्वत्र आकडे असतातच. जमा केलेल्या माहितीचे वर्गीकरण करून थोडक्या संख्यांत तिचे स्वरूप सांगणे म्हणजे वर्णनात्मक संख्याशास्त्र. नमुन्यावरून संपूर्ण समष्टीविषयी निष्कर्ष काढणे हे त्यापुढचे, अनुमानात्मक शास्त्र होय. संख्याशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या अध्यापकांसाठी प्रस्तुत लेखात पहिल्या भागातील मूलभूत संकल्पना आपल्या परिचयाच्या एका उदाहरणाने स्पष्ट केल्या आहेत.

उदाहरण :

सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये सादर केलेल्या अहवालात २००१ च्या जनगणनेच्या आधारे मुस्लिम समाजाचे साक्षरतेचे प्रमाण ५९.१ टक्के दिले आहे. देशाचे एकूण प्रमाण त्या वेळी ६४.८ टक्के होते. त्याच जनगणनेनुसार पाच राज्यांतील मुस्लिम साक्षरता पुढीलप्रमाणे :

केरळ – ८९.४
महाराष्ट्र – ७८.१
कर्नाटक – ७०.१
उत्तर प्रदेश – ४७.८
बिहार – ४२.०

केंद्रीय प्रवृत्तीची परिमाणे :

१) मध्यमान : सर्व संख्यांच्या बेरजेला त्यांच्या संख्येने भागले असता मध्यमान मिळते. येथे बेरीज ३२७.४ असून मध्यमान ६५.५ येते. या पाचांपैकी एकाही राज्याचे प्रमाण ६५ च्या आसपास नाही, हे लक्षात घ्यावे.

२) मध्यांक : संख्या चढत्या किंवा उतरत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी संख्या म्हणजे मध्यांक. येथे तो ७०.१, म्हणजे कर्नाटकाचाच आकडा आहे. एखादी संख्या फारच लहान वा मोठी असली तरी मध्यांक फारसा हलत नाही. म्हणून कौटुंबिक उत्पन्नासारख्या माहितीसाठी तो अधिक विश्वसनीय ठरतो.

३) बहुलक : सर्वाधिक वेळा आढळणारे मूल्य म्हणजे बहुलक. वरील पाच संख्यांत पुनरावृत्ती नसल्याने बहुलक नाही. मात्र विद्यार्थी उर्दू, कन्नड, मराठी की इंग्रजी माध्यमातून आले, अशा माहितीची बेरीज किंवा क्रम लावता येत नाही. तेथे बहुलकच उपयोगी पडतो.

भारित मध्यमान :

वर आपण पाचही राज्यांना समान महत्त्व दिले. पण २००१ मध्ये मुस्लिम लोकसंख्या उत्तर प्रदेशात सुमारे ३०७ लाख, बिहारमध्ये १३७, महाराष्ट्रात १०३, केरळात ७९ आणि कर्नाटकात ६५ लाख होती. प्रत्येक प्रमाणाला त्या त्या लोकसंख्येने गुणून आलेल्या बेरजेला एकूण ६९१ लाखांनी भागले असता सुमारे ५८ टक्के येतात. (साक्षरता सात वर्षांवरील व्यक्तींची मोजतात, त्यामुळे हा हिशेब स्थूल आहे.) माहिती तीच, परंतु साडेसात टक्क्यांचा फरक पडला. वेगवेगळ्या पटसंख्येच्या तुकड्यांचे निकाल एकत्र करतानाही नुसत्या टक्केवारीची सरासरी काढू नये, ती याच कारणासाठी.

विचलनशीलतेची परिमाणे :

संख्या मध्यापासून किती विखुरलेल्या आहेत हे विचलनशीलता सांगते. सर्वांत मोठ्या व लहान संख्येतील फरक म्हणजे विस्तार. येथे तो ४७.४ आहे. विस्तार केवळ दोन टोके पाहतो. प्रमाण विचलन मात्र प्रत्येक संख्येचा विचार करते. त्यासाठी प्रत्येक संख्येचे मध्यमानापासूनचे अंतर काढावे, त्याचा वर्ग करावा, वर्गांची सरासरी घ्यावी आणि तिचे वर्गमूळ काढावे. आपल्या उदाहरणात वर्गांची बेरीज १६१६.७, सरासरी ३२३.३ व प्रमाण विचलन सुमारे १८ येते. एवढे मोठे विचलन असताना केवळ मध्यमान सांगणे दिशाभूल करणारे ठरते.

अध्यापकांसाठी अर्थ :

हुबळी-धारवाडच्या अध्यापकाने ५९.१ हा राष्ट्रीय आकडा आपल्या वर्गाला लावला तर चूक होईल. कर्नाटकात मुस्लिम साक्षरता राज्याच्या एकूण ६६.६ टक्क्यांपेक्षाही अधिक होती. उलट ७०.१ पाहून निश्चिंत होणेही योग्य नाही. प्रत्येक सरासरीच्या पोटात आणखी गट असतात. राष्ट्रीय ५९.१ मध्ये पुरुषांचे प्रमाण ६७.६, तर स्त्रियांचे ५०.१ होते. शिवाय साक्षरता म्हणजे उच्च शिक्षण नव्हे. याच अहवालानुसार वीस वर्षांवरील मुस्लिमांत पदवी वा पदविका घेतलेले चार टक्क्यांहून कमी होते. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण सुमारे सात टक्के होते.

वर्गातही हेच घडते. समजा, एका तुकडीचे गुण ४८, ४९, ५०, ५१, ५२ आणि दुसरीचे २०, ३५, ५०, ६५, ८० आहेत. दोन्हींचे मध्यमान ५०. पण प्रमाण विचलन अनुक्रमे १.४ आणि २१.२. पहिल्या तुकडीला एकच अध्यापन पुरेल. दुसरीत वीस गुणांचा विद्यार्थी सरासरीमागे लपला आहे आणि उपचारात्मक अध्यापनाची गरज त्यालाच आहे.

समारोप :

अहवाल लिहिताना मध्यमानासोबत विद्यार्थिसंख्या आणि प्रमाण विचलन अवश्य द्यावे. २००१ चे आकडे आता जुने झाले असले तरी हीच रीत २०११ च्या जनगणनेला आणि आपल्या महाविद्यालयाच्या प्रवेशनोंदींना लावून पाहता येईल. कोणाला मदत हवी हे सरासरी सांगत नाही. ते विचलन पाहिल्यावरच कळते.