तडवी भिल्ल आणि धर्माची अट

जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल, रावेर, चोपडा तालुक्यांत तडवी भिल्ल राहतात. ते इस्लाम पाळतात, मग त्यांना आदिवासींच्या सवलती कशा, असे अनेकदा विचारले जाते. अनुसूचित जमात (राज्यघटनेच्या कलम ३४२ नुसार जाहीर झालेला आदिवासी समूह) ठरवताना धर्माची अटच नाही. महाराष्ट्राच्या यादीत भिल्लांच्या नोंदीतच तडवी भिल्ल आहेत. कापसाऐवजी केळी लावली म्हणून सातबाऱ्यावरचा मालक बदलत नाही, तसेच हे. गोंधळ होतो तो अनुसूचित जातींमुळे. तिथे १९५०च्या आदेशाने धर्माची अट घातली; शीख १९५६ मध्ये आणि बौद्ध १९९० मध्ये त्यात सामावले.

धर्मांतराने जमातीचे रीतिरिवाज सुटतात, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले की केवळ धर्म बदलल्याने जमात सुटत नाही. चालीरीती टिकल्या आहेत का, हे त्या व्यक्तीपुरते तपासावे लागते. अख्खा समाज वगळायला त्यात आधार सापडत नाही, आणि माझ्या मते तेच न्याय्य आहे. निवडणुकीत उमेदवाराचा धर्म किंवा पंथ अनेकदा पुढे येतो: तुर्कस्तानात २०२३च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवार केमाल किलिचदारोग्लू यांचे अलेवी (सुन्नी बहुसंख्येहून वेगळी उपासना असलेला समाज) असणे हाही चर्चेचा विषय झाला होता. आपल्याकडे मात्र चोपडा, साक्री, शिरपूर या अनुसूचित जमातींसाठी राखीव विधानसभा मतदारसंघांत तडवी उमेदवाराकडे मागितला जातो तो जमातीचा दाखला, धर्माचा नव्हे.