ओझरचे विमान आणि अंबडचा लेथ

(द्वितीय वर्ष कला)

आमचे घर ओझरच्या शिवाराला लागून आहे. लहानपणी विमानाचा आवाज आला की आम्ही मुले अभ्यास टाकून अंगणात धावत असू. आजी मात्र वर न पाहताच म्हणे, "रशियाचं इमान चाललं गं." हे 'रशियाचं इमान' आपल्या ओझरलाच तयार होते, ही गोष्ट मला बरीच मोठी झाल्यावर कळली.

26 सप्टेंबर 2025 रोजी मिग-21 विमान आपल्या हवाई दलातून निवृत्त झाले आणि 17 ऑक्टोबरला नाशिकमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क 1ए विमानाने उड्डाण केले. मध्ये अवघे तीन आठवडे! वृत्तपत्रांत दोन्ही विमानांची छायाचित्रे आली. ती पाहताना माझ्या मनात एक प्रश्न आला. वस्तू बदलली की ती घडवणाऱ्या माणसाचे काय होते? माझे वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर आहेत. त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरात केवळ चर्चेचा नाही.

मिग-21 च्या उत्पादनाचा करार सोव्हिएत संघाशी 1962 मध्ये झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि 1963 साली ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. काम शिकण्याची रीत मोठी समजूतदार होती. प्रथम रशियाहून आलेल्या भागांची येथे फक्त जुळणी करायची. मग लहानसहान भाग येथे घडवायचे आणि शेवटी कच्च्या धातूपासून सारे येथेच करायचे. घरातली मुलगी आधी पाने वाढते, मग भाजी चिरते आणि शेवटी चुलीपुढे बसते, तसाच हा क्रम होय. भारतात अशी सहाशेहून अधिक मिग-21 विमाने तयार झाली.

डिसेंबर 1991 मध्ये मात्र सोव्हिएत संघच मोडला. एका देशाचे पंधरा देश झाले. आपल्या हवाई दलाच्या एएन-32 विमानांचा कारखाना कीव्हला होता, तो युक्रेनचा झाला. आयएल-76 चा ताश्कंदचा कारखाना उझबेकिस्तानात गेला. मिगची दोन आसनी विमाने बांधणारे तिब्लिसी जॉर्जियात गेले. कालपर्यंत एकाच दारात मिळणाऱ्या वस्तूंसाठी अनेक दारे ठोठावण्याची पाळी आली आणि भारताला सुट्या भागांची टंचाई सोसावी लागली. तिकडच्या कामगारांचे हाल तर याहून मोठे. त्यांच्या कारखान्यांचे गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे सरकार. तेच कोसळल्यावर कसबी माणसांचेही पगार महिनोन्‌महिने थकले. हातात कला असूनही चूल पेटेना, असा तो काळ होता.

त्याच पडझडीतून निघालेल्या एका चिमुकल्या देशाने वेगळी वाट धरली. एस्टोनियाची लोकसंख्या सुमारे तेरा लाख, म्हणजे आपल्या नाशिक शहराहूनही कमी. तेथे 1996 साली 'व्याघ्रझेप' या अर्थाच्या नावाची योजना जाहीर झाली आणि शाळाशाळांतून संगणक व इंटरनेट पोहोचवण्यात आले. पुढे 2003 मध्ये स्काइप ही दूरवर बोलण्याची सोय आली. तिची संगणकप्रणाली एस्टोनियाच्याच तरुणांनी लिहिली होती. तेथे काम शिकलेल्या माणसांनी नंतर स्वतःचे उद्योग काढले. परदेशी पैसे पाठवणारी 'वाइज' ही कंपनी त्यांपैकीच एक. मे 2025 मध्ये स्काइप बंद झाले. पण त्यात तयार झालेली माणसे केव्हाच पुढच्या कामाला लागली होती. ओझरलाही मिगनंतर सुखोई आले आणि आता तेजस आले आहे. वस्तू जाते, पण तिच्या निमित्ताने अंगी आलेले शिक्षण उपयोगी पडते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

तथापि येथे थांबून भागणार नाही. तेजसचा आराखडा आपला असला तरी इंजिन अमेरिकेचे आहे आणि ते वेळेवर न आल्यामुळे विमाने रखडली. जी गोष्ट देशाची, तीच लहान वर्कशॉपची. वडील जेथे काम करतात तेथे डिझेल इंजिनाचे दोन-तीनच भाग तयार होतात आणि गिऱ्हाईकही एकच आहे. विजेच्या गाडीला ना पिस्टन लागतो, ना इंधनपंप. उद्या हे भागच नको झाले तर आमचे 1991 साल उजाडायला कितीसा वेळ लागणार?

गेल्या वर्षी तेथे जुने लेथ काढून सीएनसी यंत्र आले. जुन्या लेथवर माणूस चाक फिरवतो, मापतो आणि पुन्हा फिरवतो. सीएनसीला हत्यार कोठून कोठे व किती वेगाने न्यायचे, हे आकड्यांत आधीच लिहून द्यावे लागते. दोन वयस्क टर्नरांना "उद्यापासून येऊ नका" असे सांगण्यात आले. त्यांना नवे यंत्र कोणी शिकवून पाहिलेही नाही. वडिलांना सहा महिन्यांची मुदत मिळाली. एके रात्री त्यांनी यंत्राचे इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "तू कॉलेजात जातेस, एवढं वाचून दाखव."

मी कला शाखेची विद्यार्थिनी. शब्द मला वाचता आले, पण अर्थ लागेना. मी वाक्य मराठीत सांगायची आणि ते त्यातले लोखंड मला समजावायचे. हत्यार जास्त दाबले तर आवाज कसा बदलतो, निघणाऱ्या चिपचा रंग निळा का होतो, हे त्या पुस्तकात नव्हते. ते वडिलांच्या पंचवीस वर्षांत होते. तीन महिन्यांत आमची शंभर पानी वही भरली. आज वडील ते यंत्र चालवतात. वही मात्र घरी नसते. वर्कशॉपमधली तरुण पोरे ती आळीपाळीने नेतात.

त्या दोन काकांना अशी वही मिळाली असती तर, हा विचार मनातून जात नाही. ओझरच्या कामगाराला पायरीपायरीने शिकवायला एक मोठी संस्था पाठीशी होती. अंबड-सातपूरच्या लहान शेडमधल्या माणसाला कोण आहे? नवे यंत्र घेताना त्याच्या किमतीत माणसाच्या शिकवणीचाही खर्च धरला पाहिजे, असे मला वाटते. आणि मित्रहो, यंत्राशी कला शाखेचा काय संबंध, असे आपण सहज म्हणतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशीच पुस्तके न वाचता पडून असतील. ती मराठीत उतरवणे तर आपल्याला जमण्यासारखे आहे ना?